खारीचा वाटा आणि खारीची शिकार

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वार्षिकांकासाठी कशावर लिहितोस, असे विचारले तेव्हा मी "खारींच्या शिकारीवर" असे उत्तर दिले आणि वर्गातील मित्र हसले. शिकार म्हटली की वाघ पाहिजे, निदान रानडुक्कर तरी पाहिजे! एक मैत्रीण तर "शी!" म्हणाली. बाकीच्यांचे हसणे मी विसरलो, पण ते "शी" मनाला लागून राहिले. कारण खार मारून खाल्लेली माणसे माझ्या घरात आहेत, आणि त्यांच्याच कष्टावर मी आज या महाविद्यालयात शिकतो आहे.

प्रारंभीच एक खुलासा करतो. अकोल्यात 'खार' म्हटले की निम्म्या लोकांना खारपाणपट्टा आठवतो. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेला हा पट्टा. तेथे विहीर खणली तर पाणी खारट लागते. त्या खाराशी या लेखाचा संबंध नाही, असे मी लिहिणार होतो. लिहिता लिहिता ध्यानात आले की थोडासा आहे. तो पुढे येईलच.

आमचे गाव अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आभाळ स्वच्छ असले म्हणजे नरनाळ्याचा डोंगर शेतातून दिसतो. आबाजी (माझे आजोबा) तरुणपणी सालदार होते. एका शेतकऱ्याकडे वर्षाच्या बोलीवर राबावयाचे, जवारीच्या काही मणांवर आणि थोड्या रोख पैशांवर. बहात्तरच्या दुष्काळात ते सतरा-अठरा वर्षांचे होते. मालकाच्याच घरी धान्य नव्हते, मग सालदाराला कोठून देणार? ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. सरकारी सुकडी मिळे, परदेशातून आलेल्या मिलोच्या लाल भाकरी मिळत. संध्याकाळी परतताना खिशात गुलेर असे. गुलेर म्हणजे गलोल, सायकलच्या जुन्या ट्यूबची. गोळ्या काळ्या मातीच्या, उन्हात वाळवून चुलीच्या राखेत भाजलेल्या.

"खार मारनं पाप हाय म्हनत लोक," आबाजींनी मला सांगितले. "रामाचं जनावर हाय ते. पन पोटाले रामाचं नाव सांगून भागते काय, बाप्पा?"

त्यांनी हे सहज सांगितले नाही. तीन दिवस मी मागे लागलो होतो. आजी तर मध्येच उठून गेली. जाताना म्हणाली, "हे लिहू नको. तुया कालेजातले लोक काय म्हनतीन?" मी लिहितो आहे, आणि आजीची क्षमा मागूनच लिहितो आहे.

खार मारण्याची रीत आबाजींनी मोठ्या बारकाईने सांगितली. एकटा माणूस खार मारू शकत नाही. तो बुंध्याच्या ज्या बाजूला उभा राहील त्याच्या विरुद्ध बाजूला ती सरकते. तो फिरला की तीही फिरते. मध्ये खोड ठेवूनच तिचे सारे राजकारण चालते. म्हणून दोघे लागतात. एकाने झाडाखाली दगडासारखे उभे राहावयाचे आणि दुसऱ्याने पावले वाजवीत प्रदक्षिणा घालावयाची. फिरणाऱ्याला चुकवीत खार नेमकी उभ्या असलेल्याच्या समोर येते. भरगच्च आमराईत हे जमत नाही, कारण ती एका फांदीवरून दुसरीवर निघून जाते. धुऱ्यावरची एकटी बाभूळ गाठावी लागते. ढोलीत शिरली तर ओल्या पाल्याचा धूर करावयाचा. मारलेल्या खारीचे केस जाळावर भाजून काढीत, कातडे सोलीत आणि तिखट-मीठ लावून निखाऱ्यावर शिजवीत. आजीच्या चुलीवर ते चालत नसे. अंगणाबाहेर तीन दगड मांडावे लागत. चार खारी मिळाल्या तर चौघांच्या भाकरीला कोरड्यास होई. "पोट भरे काय?" असे मी विचारले. आबाजी हसले. "पोट नाई भरे. भाकर घशाखाली उतरे."

या एका वाक्याने मला खारीच्या शिकारीचे सगळे गणित समजले. आपल्या अंगणातली खार वजनाने जेमतेम शंभर ग्रॅम भरते. हाडे, कातडे आणि शेपटी वजा जाता खाण्याजोगे किती उरणार? तीन मातीच्या गोळ्या आणि संध्याकाळचा एक तास एवढा खर्च करून मूठभर मांस. ज्याला दुसरे काही मिळण्याची आशा आहे तो खारीच्या मागे लागत नाही. म्हणूनच शिकारीच्या ग्रंथांत खार सापडत नाही. सातपुड्याच्या रानांवर कॅप्टन फोर्साईथ या इंग्रज अधिकाऱ्याचा १८७१ साली प्रसिद्ध झालेला मोठा ग्रंथ आहे. त्यात वाघ, रानगवे, अस्वले यांची शिकार आहे. राजेरजवाडे खारीला बंदूक लावीत नसत. आपल्या भागातील फासेपारधी हे शिकारीत निष्णात. पण त्यांचे फासे प्रामुख्याने तितर, लावे आणि हरणे यांच्यासाठी. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या, त्यात पारध्यांचीही फरफट झाली. तो शिक्का पुसला गेला १९५२ साली. पुढे वन्यजीव कायदा आल्यावर त्यांचा परंपरेचा धंदाच गुन्हा ठरला. तो स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. खारीची शिकार ही मात्र कोणा एका जमातीची नव्हे. ती गरिबांची आणि पोरांची.

चित्रकलेशीही खारीचा जुना संबंध आहे, हे येथे सांगितले पाहिजे. मोगल आणि राजस्थानी लघुचित्रांत पापणीचा एकेक केस दाखविणारी जी रेघ दिसते ती खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने काढीत. आणि भाषेचे तर विचारूच नका. सेतू बांधताना वाळूत लोळून अंगाला चिकटलेले कण समुद्रात झटकणारी खार, तिच्या पाठीवरून फिरलेली रामाची बोटे आणि उमटलेले पट्टे ही कथा वाल्मीकि-रामायणात नाही. ती लोकांची कथा आहे. पण 'खारीचा वाटा' हा वाक्प्रचार तिने मराठीला दिला. कोकणात खारीला 'चानी' म्हणतात. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबरीचे आणि तिच्यावरून व्ही. शांताराम यांनी १९७७ साली काढलेल्या चित्रपटाचे तेच नाव आहे.

रामाने बोटे किती फिरविली याबद्दल मात्र प्राणिशास्त्र निराळे सांगते. आपल्याकडे मुख्यतः दोन जातींच्या खारी आहेत. एकीच्या पाठीवर तीन पट्टे असतात, ती दक्षिणेकडची. दुसरीला पाच, म्हणजे तीन ठळक आणि कडेला दोन पुसट, ती उत्तरेकडची. महाराष्ट्रात या दोघींचे प्रदेश एकमेकींत मिसळतात. पाच पट्ट्यांची खार माणसाच्या वस्तीत अधिक धीटपणे वावरते. भिंतीचे भोक, छपराची वळचण, विजेच्या पेटीमागची जागा, काहीही तिला घर म्हणून चालते. घरट्याला ती चिंध्या, सुतळी आणि कापूस लावते. वऱ्हाडात कापसाला काय तोटा! वेचणीच्या दिवसांत तोंडात पांढरा पुंजका धरून धावणारी खार आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. १९११ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशातील सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली, तेव्हा अगदी सुरुवातीला जे प्रदेश घेतले त्यात खानदेश व वऱ्हाड होते. शास्त्रज्ञांचे संग्राहकही प्राणी मारून, कातडी भरूनच नमुने पाठवीत. तेव्हा खारीच्या मागे केवळ भुकेलेलेच लागले होते असेही नव्हे!

आता मुख्य प्रश्न. एवढ्या पोरांनी एवढ्या पिढ्या गुलेर चालवूनही खारी संपल्या कशा नाहीत?

याचे उत्तर जननाच्या वेगात आहे. आपल्या खारीचा गर्भकाळ सुमारे सहा आठवडे. एका वेळी दोन-तीन, क्वचित अधिक पिले. आणि वर्षात एकाहून अधिक वेळा वीण. समजा, एका आमराईत वीस खारी आहेत व त्यातल्या दहा माद्या. प्रत्येकीने दोनदा तीन-तीन पिले दिली तर वर्षात साठ नव्या खारी झाल्या. मांजर, मुंगूस, धामण, शिक्रा यांनी त्यातली बरीचशी नेली आणि गावच्या पोरांनी आणखी दहा मारल्या, तरी पुढच्या मृगात आमराईत वीस खारी शिल्लक राहणारच. शिकारी येथे शिल्लक खातो. मुद्दलाला त्याचा हात पोचत नाही.

हाच हिशेब शेकरूला लावून पाहा. शेकरू ही आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली मोठी खार, वजनाने दीड-दोन किलो. एका शेकराच्या मांसात एका घराचे जेवण होते, म्हणून शिकाऱ्याचे कष्ट वसूल होतात. पण तिला एका वेळी एक, फार तर दोन पिले. शिवाय ती जमिनीवर उतरावयास नाखूष. फांदीला फांदी भिडलेली असेल तरच तिचा संसार चालतो. मध्ये वीस झाडे तोडून रस्ता काढला की तिच्या दृष्टीने समुद्र आडवा आला, आणि तेथे सेतू बांधायला कोणी येत नाही. अशा दोन जोड्यांच्या रानातून वर्षाला दोन शेकरे मारली की चार वर्षांत रान रिकामे. तिच्यासाठी १९८५ साली पुणे जिल्ह्यात भीमाशंकरला अभयारण्य करावे लागले, ते यामुळेच. आमच्या मेळघाटात उडती खार आहे. ती रात्रीची हिंडते, पायांमधल्या कातडीचा पडदा ताणून झाडावरून झाडावर तरंगत जाते. तिला जुन्या झाडांच्या ढोली लागतात. ढोली असलेले झाड म्हणजे वखारवाल्याच्या लेखी कुचकामी झाड. ते गेले की उडत्या खारीचे घर गेले. गुलेर, माणूस आणि भूक तीच. पण एक खार टिकते आणि दुसरी संपते.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेतील ओहायो राज्याचा इतिहास तर चमत्कारिक आहे. पहिल्या वसाहतकऱ्यांच्या वेळी तेथे सुमारे ९५ टक्के भूमी जंगलाखाली होती आणि खारींच्या झुंडी मक्याचा फडशा पाडीत. १८०७ साली तेथे कायदाच झाला की, प्रत्येक करदात्याने कराबरोबर खारींच्या टाळूची कातडी आणून द्यावी. किमान दहा, कमाल शंभर. कमी पडली तर दर कातड्यामागे तीन सेंट दंड, जास्त आणली तर दोन सेंट बक्षीस. १८२२ साली कोलंबस गावाजवळ जी सामुदायिक शिकार झाली तिच्यात १९,६६० कातडी मोजली गेली. तरीही राखी खार हटली नाही. ती हटली ते कुऱ्हाडीने. जंगल कापले जाऊन १९४० च्या सुमारास १२ टक्क्यांच्या आसपास उरले, राखी खार विरळ झाली. आणि मोकळ्या रानात, शेताच्या कडेच्या झाडांवर राहणारी दुसरी मोठी तांबूस खार त्या उघड्या मुलखात पसरली. इंग्लंडमध्ये उलट झाले. तेथे हीच राखी खार १८७६ पासून लोकांनी हौसेने आणून सोडली. तिने देशी तांबड्या खारीला हुसकले, तेव्हा १९५३ पासून काही वर्षे सरकारने दर शेपटीमागे एक शिलिंग इनाम लावले. शेपट्या जमल्या, इनामे वाटली गेली, खारी कमी झाल्या नाहीत. आपली पाच पट्ट्यांची खारही परदेशी जाऊन आली आहे, किंबहुना परतलीच नाही. १८९८ साली ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून काही खारी बाहेर सुटल्या. त्यांची प्रजा तेथे अजून नांदते आहे.

वऱ्हाडातही मला याच धर्तीचे चित्र दिसते. आबाजींच्या तरुणपणी खारी आमराईत, चिंचेवर आणि धुऱ्यावर होत्या, गावात कमी. गावातल्या खारीला पोरे जगू देत नसत. आता आमराई नाही. तीन भावांच्या वाटण्या झाल्या आणि आंब्याची झाडे विटाभट्टीला गेली. ट्रॅक्टरला वळण मिळावे म्हणून धुरे निमुळते झाले, बाभळी गेल्या. रस्ते रुंद झाले तशी कडेची जुनी कडुनिंबे पडली. पण त्याच वेळी गुलेरही गेली. पोरांच्या हातात मोबाइल आला, रेशनचे धान्य घरात आले, आणि खारीच्या मागे लागावे असे कोणाला वाटेनासे झाले. खार गावात शिरली. शहरात तर तिची चैनच आहे. आमच्या वसतिगृहाच्या खिडकीत सकाळी सात वाजता पोळीच्या तुकड्यासाठी चार-पाच खारी येतात, आणि माझ्याच खोलीतला मित्र, ज्याला माझा विषय हास्यास्पद वाटला होता, तो त्यांना नावाने हाका मारतो.

माझ्या मामाचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. तेथे विहिरीच्या पाण्यावर बागायत होत नाही, म्हणून फळबागा नाहीत. शिवारात झाडे विरळ, फक्त गावठाणात कडुनिंब. तेथल्या खारी जवळजवळ सगळ्या गावातच आहेत, शेतात मैलभर चालले तरी आवाज येत नाही. आमच्याकडे पायथ्याला गोडे पाणी, संत्र्याच्या बागा, उन्हाळी भुईमूग. तेथे शेतातही खार भरपूर. एकाच जिल्ह्यात तीस-चाळीस कोसांच्या आत खारींचे दोन निराळे संसार, आणि कारण जमिनीखालच्या पाण्याचे. खाराचा खारीशी संबंध तो हा.

आता ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला ते सांगतो. माझे बाबा तीन एकर मक्त्याने करतात. गेल्या उन्हाळ्यात भुईमूग टोकला तर चार दिवसांत धुऱ्याकडच्या तासांतले दाणे खारींनी उकरून नेले. ठिबकच्या नळ्याही कुरतडल्या. बाबांनी मला फोन केला. "तू पुस्तकं वाचतं ना? मंग सांग, औषध ठेवू काय?" औषध म्हणजे विष. घरातून कोणी मला पुस्तकाच्या भरवशावर प्रश्न विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. मी इतिहास, राज्यशास्त्र आणि मराठी शिकतो. खारीचा प्रश्न माझ्या अभ्यासक्रमात कोठेच बसत नाही. पण "मला माहीत नाही" असे म्हणण्याचे धैर्य झाले नाही. उद्या सांगतो म्हणालो आणि ग्रंथालयात जाऊन बसलो.

विष ठेवल्यास काय होईल, याचा विचार ओहायोच्या हिशेबाने केला. दहा खारी मरतील, धुऱ्यापलीकडून दुसऱ्या दहा येतील, कारण शेत तेच आणि दाणा तोच. मात्र विष खाऊन मेलेली खार धामण गिळेल, घुबड उचलेल, मांजर ओढून नेईल. ही तिन्ही खारींची आणि उंदरांची मोजदाद ठेवणारी मंडळी. त्यांची वीण खारीएवढी वेगवान नाही. म्हणजे पुढच्या वर्षी उंदीर आणि खारी दोन्ही वाढणार. शिवाय कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात पाच पट्ट्यांच्या खारीचे नाव होते, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांच्या परवान्याच्या शिकारीची वाटही बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीने सहा परिशिष्टांची चार झाली. आबाजी ज्या वर्षी भुकेपोटी खारी मारीत होते त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दिल्लीला हा कायदा झाला, ही गोष्ट त्यांना गेल्या दिवाळीत माझ्याकडून कळली. "मंग मी गुन्हेगार झालो काय बे?" म्हणून ते किती तरी वेळ हसत होते.

खार पिकाचे नुसते नुकसानच करते असेही नव्हे. फाल्गुनात पळस फुलला की खारी त्याचा मधुरस प्यायला फुलाफुलांवर तोंड घालतात आणि त्यांच्या मिशांना लागलेले पराग या झाडावरून त्या झाडावर जातात. पायथ्याचा पळस फळाला येतो त्यात पाखरांबरोबर खारीचाही वाटा आहे, अगदी शब्दशः. मात्र हे मी बाबांना फोनवर सांगितले नाही. मक्त्याचे पैसे भरावयाच्या चिंतेत असलेल्या माणसाला पळसाचे सांगणे मला शोभले नसते. मी एवढेच म्हणालो की, विषाने मुंगूस-धामण मरतील, खारी पुन्हा येतील. टोकणीनंतरचे आठ दिवस राखण केली तर पुढे रोप उगवल्यावर खार दाण्याला येणार नाही.

बाबा काही बोलले नाहीत. "बरं," म्हणून फोन ठेवला. राखण करायला माणूस लागतो आणि माणसाची मजुरी लागते, हे पुस्तकात नव्हते. ते मला फोन ठेवल्यावर सुचले.

परीक्षा संपवून घरी गेलो तेव्हा विषाची पुडी गोठ्याच्या वळचणीला तशीच खोचलेली होती. रिकामी झालेली तासे बाबांनी पुन्हा टोकली होती, आणि आबाजी रोज पहाटेपासून धुऱ्यावर बाजेवर बसत होते. शेजारी एक पत्र्याचा डबा आणि काठी. खार दिसली की डबा वाजवावयाचा. बाजेच्या खुराला त्यांची जुनी गुलेर अडकवलेली होती. रबर तडकून पार वाळले होते. मी म्हटले, "आबाजी, हे कायले आनली?"

"तिले दाखवाले," ते म्हणाले, आणि फडक्यातल्या भाकरीचा एक तुकडा मोडून त्यांनी बाभळीच्या बुंध्याशी टाकला. खार बुंध्याच्या मागच्या बाजूला होती. मी हळूच उठून प्रदक्षिणा घालायला लागलो, तेव्हा आबाजींनी मला हाताने खाली बसविले.